तीट

मुंबई नाक्याच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभं असताना ज्ञानेश काकडने फोन उघडला आणि तिथेच त्याचा दिवस नासला. मुंबईच्या एका ज्येष्ठ समीक्षक बाईंनी त्याच्या कादंबरीवर पानभर लेख लिहिला होता आणि कोणीतरी त्याचा फोटो पाठवला होता, वर टाळ्या वाजवणारे हात. एवढ्या मोठ्या बाई, ज्यांची पुस्तकं तो स्वतः अकरावी-बारावीच्या पोरांना नावानिशी सांगायचा, त्यांनी आपली कादंबरी वाचली या आनंदात त्याने पहिल्या दोन परिच्छेदांवरून नुसतीच नजर फिरवली. 'मराठीत असा प्रयोग झालेला नाही,' हे वाचलं, 'काळ उलटा फिरवण्याचं धाडस' हे वाचलं, छाती जराशी फुगली, आणि मग खाली अगदी शेवटाकडे ते वाक्य आलं. 'डॉ. वाल्मीक अहिरे यांनी नेमकं बोट ठेवलं आहे : या कादंबरीतल्या आईकडे लेखकाने पाहिलेलं नाही, तिच्याविषयी फक्त विचार केला आहे.' मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ सर, पुढं घ्या ना, का इथंच राहायला आलात?" पंपावरच्या बाईने किती टाकू म्हणून विचारलं, त्यावर ज्ञानेश "हो" म्हणाला. तिने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने टाकी भरायला सांगितली, आणि स्कूटर बाजूला लावून ते वाक्य परत वाचलं.

बाईंचा दोष नव्हता. वाल्मीकचाही नव्हता. ते वाक्य ज्ञानेशने स्वतःच लिहिलेलं होतं. 'परतीचा बाजार' छापून आली तेव्हा कित्येक महिने कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भेट प्रती पाठवल्या त्यांची पोचसुद्धा आली नाही. शेवटी त्याने एका रविवार पुरवणीच्या संपादकाला फोन केला, तेव्हा तो गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाला, "सर, परीक्षण तुम्हीच कोणाकडून तरी लिहून घ्या आणि पाठवून द्या, मी लावतो. फक्त नावाआधी डॉक्टर-बिक्टर असलं तर बरं. आणि नुसती स्तुती नको हं, एखादा दोषही असू द्या, वाचकाला खरं वाटतं." आपल्याकडे हे असंच चालतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि सभेत कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ज्ञानेशने दोन-तीन मित्रांना विचारलं, त्यांनी "वाचतो वाचतो" करत टोलवलं. मग त्याला बायकोचा भाऊ आठवला. वाल्मीक सटाण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, डॉक्टरेट त्याने गाजरगवतावर केली होती, पण छापील नावाखाली गाजरगवत कुठे दिसतं? आडनाव वेगळं, गाव वेगळं. वाल्मीक फोनवर हसत म्हणाला होता, "लावा की दाजी माझं नाव, त्यात काय एवढं. माझा फोटो मात्र तो लग्नातला नका देऊ." अशा रीतीने ज्ञानेशने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून, शेव-मुरमुरे खात, स्वतःच्या कादंबरीचं परीक्षण लिहिलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते लिहिताना फार मजा आली.

स्तुती लिहायला वेळ लागला नाही. दोष शोधायला लागला. भाषेत दोष आहे म्हणावं तर लोक ते खरं धरतील. रचनेला नाव ठेवावं तर कादंबरीचा पायाच हलेल. शेवटी त्याने जिथे त्याला अजिबात धास्ती नव्हती ती जागा निवडली. आई. सगळी कादंबरी आईवर होती, फूलबाजारात झेंडू-शेवंती विकून तिने ज्याला शिकवलं त्या मुलाने आईवर लिहिलेली. तिथे कोण काय बोलणार? नटवलेल्या बाळाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावतात, तशी त्याने ती ओळ लावून दिली. बाळाची आईच लावते ती, आणि तिला पक्कं ठाऊक असतं की खाली गाल गोरा आहे. वाक्य जरा ऐटबाज झालं म्हणून त्याने ते बायकोला, छायाला, वाचूनही दाखवलं होतं. छाया पोळ्या लाटत होती. "छान आहे," ती म्हणाली, मग थोड्या वेळाने, "पण तुम्ही असं का लिहिलं?" तो हसला होता आणि त्याने मुरमुऱ्यांचा आणखी एक बकाणा भरला होता.

पण ती तीट पुसायला कोणी तयार होईना. कादंबरी हळूहळू वाचली जाऊ लागली ती त्या परीक्षणामुळेच, आणि जो तो वाचायला बसे तो आधी आईकडे संशयाने बघे. पुण्याच्या एका मासिकाने लिहिलं की आई ही व्यक्ती न राहता कल्पना झाली आहे. कोल्हापूरच्या एका वाचकाचा फोन आला, तो भला माणूस कादंबरीने भारावलेला होता, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "फक्त ती आई तेवढी हाताला लागत नाही बघा." प्रबंध लिहिणारी एक मुलगी कॉलेजवर येऊन त्याला विचारून गेली, "सर, आईला तुम्ही मुद्दाम धूसर ठेवलंय ना? तो प्रयोगाचाच भाग आहे ना?" ज्ञानेशने घाईघाईने हो म्हटलं आणि नंतर दिवसभर त्या 'हो'ची त्याला लाज वाटत राहिली. सांगणार तरी कोणाला, आणि काय? की अहो, ते वाक्य खोटं आहे, मीच लिहिलंय? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता आणि वर लंगडायचीही चोरी होती. आता ह्या बाईंनी शिक्का मारला. पण पंपावरून घरी येताना त्याला जे छळत होतं ते निराळंच होतं. इतकी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, सगळी एका खोट्या वाक्याशी सहमत कशी होतात? एखाद्याने तरी म्हणायला हवं होतं की नाही, अहिरे चुकले, आई दिसते. एकाने तरी. ते वाक्य खरं तर नसेल ना, असा विचार त्याच्या मनात प्रथम मखमलाबाद रस्त्याच्या वळणावर आला, आणि तो गाडी चालवता चालवता मोठ्याने "छे" म्हणाला.

घरी आई ओट्याजवळ खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. गुडघे गेल्यापासून तिचं बसणं खुर्चीवर आलं होतं. तिचं नाव साळूबाई, पण आता त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. वडील पुंजाराम जाऊन बरीच वर्षं झाली, घरच्या मळ्यावर बंगले उभे राहिले, त्यातलाच एक यांचा. ज्ञानेश समोरच्या स्टुलावर बसला आणि तिच्याकडे पाहू लागला. रीतसर, ठरवून. कपाळावरचं गोंदण. पातळ झालेले केस. कानाची ओघळलेली पाळी. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं, देठ खुडून खुडून. हे नख आपण लिहिलंय का, असं त्याने आठवून पाहिलं, आणि लिहिलं होतं, पान आठवलं, वाक्य आठवलं. मग हे नख आता दिसतंय म्हणून आठवतंय, की लिहिलंय म्हणून दिसतंय? त्याने लिहिण्याच्या आधीचं नख आठवायचा प्रयत्न केला. बाजार आठवला : ओल्या गोणपाटाचा वास, गलांड्याच्या फुलांच्या पाट्या, केळीच्या सोपटाने बांधलेले हार, तराजूच्या पारड्यावर सांडलेली पाकळी, चहाच्या ग्लासांची किणकिण. आई आठवली तर ती पाठमोरी. डोक्यावर पाटी घेऊन पुढे चाललेली, आणि आपण मागे, दप्तर सांभाळत. पाटी उतरवून ती मागे वळली असेलच, तिचा चेहरा दिसला असेलच. पण तिथे पोचलं की त्याच्या हाती कादंबरीतलंच वाक्य लागायचं, चांगलं घडवलेलं, गुळगुळीत. खालचं काही हाताला लागेना.

"काय रं बघतो?" आई म्हणाली. "कवाधरनं टक लावून बसलाय. तोंडाला काय लागलंय का माझ्या?"

"काही नाही गं."

"मंग चष्म्याचा नंबर वाढला आसंल. दाखवून ये एकदा." आणि रिकामा बसलाय म्हणून तिने अर्धी जुडी त्याच्या पुढ्यात ढकलली. तो देठ खुडू लागला, खाली मान घालून. खुडताना त्याला नको ती आठवण आली. तो सातवी-आठवीत होता. वर्गातल्या एका मुलाची आई बाजारात वेण्या घ्यायला आली होती, तो मुलगाही सोबत होता, आणि ज्ञानेश फुलांच्या क्रेटच्या मागून उठून सरळ नदीकडे, गावाच्या गंगेकडे, चालू लागला होता. घाटाच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसला होता, बाजार उठेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच बसला. मग रोजच. आईला त्याने सांगितलं की घाटावर अभ्यास चांगला होतो, आणि तिला ते पटलं. हे काही कादंबरीत नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं, त्याने स्वतःला समजावलं. कादंबरी एका दिवसाची होती, संध्याकाळपासून उलटी पहाटेकडे जाणारी. पहिल्याच पानावर बाजारातल्या बाईचा अंत, आणि मग सुकलेली फुलं ताजी होत होत शेवटी झाडावर कळी. सगळं फक्त दिसतं, पण पाहणारा कुठेच नाही. निवेदकच काढून टाकला, यावर तर सगळे समीक्षक लुब्ध झाले होते. मुंबईच्या बाईंनीही लिहिलं होतं, 'अनुपस्थितीचं असं सामर्थ्य क्वचितच.' मेथी निवडून झाली आणि आई म्हणाली, "देठं लय ठेवलीस रं."

आईला कादंबरीचं इतकंच ठाऊक होतं की ज्ञानूने बाजारावर पुस्तक लिहिलं. पहिल्याच पानावर मेलेली बाई तूच, हे तिला सांगायचं कसं? म्हणून त्याने ते टाळलं होतं. तिने पुस्तक देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मुखपृष्ठावर आता पिवळा डाग होता.

त्यानंतर वाचक मंडळाच्या साधनाताई देवरेंचा फोन आला. मंडळ कादंबरीवर चर्चा ठेवणार होतं, आणि मुख्य वक्ते म्हणून त्यांना डॉ. वाल्मीक अहिरेच हवे होते. "त्यांच्या परीक्षणानेच तर या सगळ्या चर्चेला सुरुवात केली ना. तुमची काही ओळख आहे का त्यांच्याशी?" "थोडीशी," ज्ञानेश म्हणाला. मग त्याला यातच वाट दिसली. ज्याच्या नावाने ते वाक्य गेलं त्याच्याच तोंडून ते मागे घेता येईल. चारचौघांत. मी पुन्हा वाचली, मी चुकलो होतो, आई दिसते, असं वाल्मीकने म्हणायचं, ते छापून येईल, आणि हा घोळ मिटेल. भाषण मीच लिहून देतो असं त्याने वाल्मीकला लगेच कळवलं, आणि या कल्पनेने तो रात्रीचं जेवण नीट जेवला. पण भाषण लिहायला बसला तेव्हा पेन अडलं. आई दिसते, ठीक आहे, पण कुठे दिसते? एक जागा दाखवायला हवी. एखादी खूण, जी विचार करून सुचत नाही, पाहिल्याशिवाय येत नाही. त्याने आपलंच पुस्तक परक्यासारखं चाळलं. प्रत्येक जागा सुंदर होती आणि एकाही जागेची त्याला खात्री देता येईना. पुढचे दिवस त्याने आईला चोरून बघण्यात घालवले, ती चहा बशीत ओतताना, औषधाची गोळी शोधताना, दारातून जाणाऱ्या भाजीवाल्याशी भांडताना. आणि दरवेळी ती बरोबर वळून त्याच्याकडेच बघायची. आपण तिला बघतोय की ती आपल्याला, याचाच त्याला घोटाळा होऊ लागला.

शेवटी वाल्मीकचाच फोन आला. त्याने बोलायचं म्हणून पुस्तक खरोखरच वाचलं होतं. गडी गहिवरला होता. "दाजी, काय लिहिलंय हो तुम्ही. मना डोळामा पानी उनं, खरं सांगस." एरवी तो ज्ञानेशशी शुद्ध बोलायचा, जीव भरून आला की सटाण्याची बोली तोंडात यायची. "आणि ते मी जे लिहिलं ना, आईकडे पाहिलंच नाही म्हणून, ते चुकलंच माझं."

"अरे, ते मी लिहिलं होतं."

"हां हां, तेच ते. पण नाव माझं ना? लोक मला विचारतात. तुम्ही भाषण नका लिहू, दाजी. मी माझ्या मनाचं बोलतो."

ज्ञानेशने हुश्श करायला हवं होतं. ज्या एका वाचकाची तो वाट पाहत होता तो त्याच्या घरातच निघाला होता. पण फोन ठेवल्यावर त्याची धाकधूक उलट वाढली. वाल्मीकला काय दिसलं असेल? कुठल्या पानावर?

चर्चेच्या दिवशी आई तयार होऊन बसली. "वाल्मीक बोलणार हाय ना, मंग मी येते." तिला अवघडेल, खुर्च्या नीट नाहीत, जिना आहे, असं सगळं सांगून झालं. "जिना मी हळूहळू चढंल," ती म्हणाली. छायाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सासूबाईंच्या पदराला पिन लावून दिली. ज्ञानेशने साधनाताईंना आधीच फोन करून ठेवला, आईचा सत्कार वगैरे नको, तिचं नावही नको घ्यायला. साधनाताईंना त्यात त्याचा विनय दिसला.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पंखे आवाज करत होते. आधी दोघे जण प्रयोगाबद्दल आणि पहिल्याच पानावर एकटीने मरणाऱ्या त्या बाईबद्दल बोलले, आणि आई शांतपणे बसून पंख्याकडे बघत राहिली. मग वाल्मीक उठला. कोट घालून आला होता, घामाघूम झाला होता. त्याने कादंबरीतला एक उतारा वाचला : टेम्पो चुकलेला, आणि ती बाई भरलेली क्रेटं एकेक करून रस्त्यापलीकडे नेते, पुढचं ठेवून मागच्यासाठी परत येते, आणि दोन्ही ठिकाणी माल राखायला कोणी नाही म्हणून सारखी वळून वळून बघते. "मी लिहिलं होतं की या लेखकाने आईकडे पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी ते शब्द इथे मागे घेतो. हे वाचताना मला माझी आई दिसली. कांद्याच्या खळ्यावर. ती गेली तेव्हा मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो." आणि कोटाच्या बाहीने तोंड पुसत तो खाली बसला. छायाने पदर डोळ्यांना लावला, तिचीही तीच आई. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने नाक शिंकरलं. टाळ्या झाल्या, लांबलचक झाल्या. साधनाताई माइकवर म्हणाल्या, "समीक्षकाने जाहीरपणे मत बदलणं ही दुर्मीळ गोष्ट आहे," आणि पुन्हा टाळ्या झाल्या. ज्ञानेशला हवं होतं ते सगळं झालं होतं. तो हात जोडून उभा होता, आणि त्याला त्या हॉलमध्ये जिथे तिथे आया दिसत होत्या, वाल्मीकची, त्या गृहस्थाची, साधनाताईंची. त्याने बाईची नुसती जागा मोकळी करून ठेवली होती आणि ज्याने त्याने आपापली आणून तिथे बसवली होती. तिसऱ्या रांगेत त्याची स्वतःची आई बसली होती, सगळ्यांचं पाहून तीही टाळ्या वाजवत होती.

परतताना ती गाडीत पुढे बसली, गुडघ्यांसाठी. छाया मागे. वाल्मीक सटाण्याच्या बसला गेला. रविवार कारंजापाशी गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या.

"वाल्मीक चांगलं बोलला," आई म्हणाली. "मला वाटलं नव्हतं त्याला येत आसंल. लग्नाकार्यात तर तोंड उघडत नाय."

"हो. छान बोलला."

"ती बाई कोण रं, पुस्तकातली? मी वळखते का तिला?"

ज्ञानेशने गिअर बदलला. मागे छायाची हालचाल थांबल्याचं त्याला कळलं. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे, अशीच. मनाने लिहिलेली."

"मला वाटलं आपल्या शेजारी ती अंबूबाई बसायची, ती का काय. पण तिला दोघी सुना हायेत." आईने पर्समधून बडीशेप काढली, त्याच्या तळहातावर थोडी ठेवली, मागे छायाला दिली, मग स्वतः घेतली. "बिचारीचं लय वाईट वाटलं. एकटी सगळी क्रेटं वाहते. मरताना बी एकटीच. तिला लेकरू नव्हतं का रं एखादं?"

"होतं," तो म्हणाला. हा शब्द तोंडून गेल्यावर त्याला समजलं की तो खोटं बोलू शकला असता. "मुलगा होता एक."

"मंग तो कुठं होता?"

त्याने आईकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती, ते तिला कधीच जमलं नाही. तिला त्या बाईची खरोखर काळजी लागली होती, आणि तोंडातली बडीशेप चावायची थांबवून, तो काय सांगतो याची वाट बघत ती त्याच्याकडे पाहत होती.